धाकटीसाठी मोठी

सारजाबाईला कुठलीही वस्तू नुसती बघून समाधान व्हायचं नाही. ती कुणी केली, कशी केली, आतून पोकळ आहे की भरीव, पाण्यात पडली तर काय होईल, हे सगळं विचारून झाल्याशिवाय तिचा पाय पुढं पडत नसे. फुलंब्रीच्या अलीकडं त्यांची वाडी. तिथं पहिल्यांदा विजेचे खांब रोवायला सरकारी माणसं आली, तेव्हा बाकीच्या बाया दारामागून बघत होत्या आणि ही खड्ड्याच्या काठावर बसून विचारत होती, या तारेतून जातं म्हणजे नेमकं काय जातं? त्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं आणि खड्डा खणायला जास्त जोर लावला. तिचा नवरा कडूबा म्हणायचा, "हिला न्यायला यम आला तर ही त्यालाबी इचारंल, रेडा कंच्या बाजारातून आणला?"

अशी ही बाई दरवर्षी भाद्रपदात, महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी, कडूबाला बरोबर घेऊन एसटीनं शहरात यायची. गुलमंडी, मछली खडक, औरंगपुरा, पैठण गेट, त्या दिवशी सगळा एकच बाजार झालेला असे. केवड्याची कणसं, आघाडा, कापसाची वस्त्रं, कागदी फुलांच्या माळा, खोट्या मोत्यांच्या नथी, पत्र्याच्या कोठ्या, आणि ओळीनं मांडलेले मुखवटे. बायका दुकानांसमोर बसकण मारून नाकं-डोळे पारखायच्या. त्या गर्दीत सारजाबाई बगलेत एक कापडी पिशवी घट्ट धरून शिरायची आणि दिवेलागणीच्या सुमाराला तशीच बाहेर पडायची. खरेदी म्हणाल तर चार भाज्या आणि हळदीतला दोरा. ते फुलंब्रीतही मिळतं. ती यायची ती एका मुखवट्याच्या शोधात, आणि तो मुखवटा तिला कित्येक वर्षं मिळाला नव्हता.

त्याची हकिगत अशी. पुण्याकडं ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडं महालक्ष्म्या. दोघी बहिणी, मोठी आणि धाकटी. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात, आणि हे सगळं जोडीनं करतात. पत्र्याच्या कोठीला लुगडं नेसवायचं, वर मुखवटा बसवायचा, दागिने घालायचे, की बाई उभी राहिली. सारजाबाईच्या सासरचे मुखवटे पितळेचे होते, सासूच्या सासूच्याही आधीपासूनचे. कुणी घडवले ठाऊक नाही, पण घडवणारा माणूस मोठा मिश्कील असला पाहिजे. मोठीची नजर सरळ समोर, कोठाराच्या किल्ल्या कमरेला असलेल्या बाईसारखी. धाकटीचे डोळे मात्र किंचित कलते, मोठीकडं वळलेले. जणू विचारते आहे, बाई, आता पुढं काय करू?

पोलीस ॲक्शन झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सारजा लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा तिची स्वतःची नजरही तशीच असायची. थोरली जाऊ द्वारकाबाई. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं घर द्वारकाबाईच्या हातात. चुलीपासून म्हशीपर्यंत सगळं तिनंच सारजाला शिकवलं, आणि सारजानं एकेका गोष्टीवर शंभर प्रश्न विचारून तिचा जीव खाल्ला. महालक्ष्म्यांना नेसवायचं काम या दोघींचं. द्वारकाबाई मोठीला नेसवी, सारजा धाकटीला. मोठीच्या निऱ्या अशा पडायच्या की एकीवर एक, मोजून घ्याव्यात. त्या कशा घालतात हे बघायला सारजा मान लांब करायची, तर द्वारकाबाई तोंडातला दोरा न काढताच म्हणायची, "माझीकडं काय बघायलीस? तू तुझीला बघ."

पुढं भावाभावांत बिनसलं. थोरला बद्रीनाथ आणि धाकटा कडूबा. भांडण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सुरू झालं आणि बैलांच्या झुलीवर येऊन पोचलं, तोवर दोघांनाही मूळ कारण आठवत नव्हतं. वाटणी करायला गावचे आप्पासाहेब येऊन बसले. जमीन झाली, जनावरं झाली, भांडी झाली, आंब्याच्या झाडाच्या फांद्यासुद्धा उगवत्या आणि मावळत्या बाजूच्या म्हणून वाटल्या गेल्या. शेवटी देवघर उरलं. रीत अशी, की देव थोरल्याकडं राहतात आणि धाकट्यानं सणाला तिथं जेवायला जायचं. आप्पासाहेबांनी तसं सांगितलं. पण कडूबाच्या डोक्यात त्या दिवशी राख भरलेली होती.

"देवात आमचा हिस्सा नाय का?" तो म्हणाला. "आमची बाई काय फुकट राबली त्यांच्यापुढं?"

बद्रीनाथही काही कमी नव्हता. तो उठला, देवघरात गेला, धान्याच्या कणगीत पुरून ठेवलेल्या मुखवट्यांपैकी एक उपसला आणि भावाच्या मांडीवर टाकला. "घे. धाकट्याला धाकटी. आता तर झालं?"

आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. असली वाटणी कुणी ऐकलेली नव्हती. पण दोन हट्टी माणसं एकदा बोलून बसली, की शब्द मागं घ्यायला कुणीच तयार होत नाही. आणि ज्या दोघी त्या मुखवट्यांना वर्षानुवर्षं नेसवत होत्या, त्या चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

त्या वर्षी भाद्रपदात सारजाबाईनं आपल्या अर्ध्या घरात धाकटीला उभं केलं. शेजारी मोठीच्या जागी तांब्यात नारळ ठेवला, त्याला हळदी-कुंकू लावलं, चोळीचा खण घातला. मग आरतीचं ताट घेऊन समोर आली आणि थबकली. धाकटी नारळाच्या वर, भिंतीकडं बघत होती. तिची नजर मोठीच्या डोळ्यांच्या उंचीची, आणि तिथं कुणीच नव्हतं. तीन दिवस ती बिचारी त्या रिकाम्या जागेकडं बघत उभी राहिली. सारजाबाईला फार वाईट वाटलं. ते धाकटीसाठी वाटलं की स्वतःसाठी, हे एरवी सगळं खोदून विचारणाऱ्या बाईनं स्वतःला विचारलं नाही.

"रडतीस कशाला? शहरातून मोठी आणू की," कडूबा म्हणाला. राख एव्हाना खाली बसली होती, पण भावाच्या दारात जायला पाय उचलत नव्हता.

तेव्हापासून त्या वाऱ्या सुरू झाल्या. पिशवीत धाकटी, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. दुकानासमोर बसायचं, तिला बाहेर काढायचं, आणि मांडलेल्या एकेका मोठीच्या शेजारी धरून बघायचं. सून पसंत करायला आलेल्या सासूनंही एवढी चिकित्सा केली नसेल. ही फार गोरी, हिचं नाक पोपटाचं, ही रुसल्यासारखी दिसते. मुख्य म्हणजे नजर जमत नसे. कुणाच्या बाबतीत धाकटी कानाकडं बघायची, कुणाच्या बाबतीत नथीकडं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी कडूबानं वैतागून एक मुखवटा घेऊनच टाकला. घरी दोघींना उभं केलं, तर धाकटी नव्या मोठीच्या हनुवटीकडं असं टक लावून बघत होती, जणू तिथं शीत चिकटलंय. हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना हसू आवरेना. सारजाबाईनं तो मुखवटा काढून पुन्हा तांब्या ठेवला आणि पुढच्या भाद्रपदात तो मुखवटा दुकानदाराला परत केला. घेतला त्यानं. असली बाई दुकानासमोर भांडत बसण्यापेक्षा ते बरं.

पण गंमत अशी, की मोठी मिळत नव्हती तरी बाजार तिला आवडायला लागला होता. ती विचारायचीच. शाडूच्या मुखवट्याला चीर जाऊ नये म्हणून आत काय घालता? डोळे आधी रंगवता की ओठ? अमरावतीहून माल येतो तर वाटेत नाकं कशी तुटत नाहीत? पापण्यांचे केस कशाचे? एका दुकानदारानं, घोड्याच्या शेपटीचे, असं सांगितलं, तर ही दुसऱ्या दुकानात जाऊन खात्री करून आली आणि मग पहिल्याला सांगायला गेली की तो म्हणतो रेशमाचे. पितळेचे मुखवटे मागं पडले आणि प्लास्टरचे आले, चिमणीच्या जागी बल्बच्या माळा आल्या, पत्र्याच्या कोठीला हात फुटले आणि हातांना रंगवलेली नखं आली. दरवर्षी नवं काहीतरी असायचंच. ते तिला आधी दिसायचं.

कडूबाचं ठिकाण ठरलेलं. गुलमंडीवरच्या मिठाईच्या दुकानाची पायरी. तिथं बसून तो इमरती खायचा आणि बायको गर्दीत कुठवर पोचली याचा अंदाज घ्यायचा. मछली खडकाच्या तोंडाशी गोटा-किनार विकणारा एक मियाँ होता, तो तिला ओळखायला लागला. ती दिसली की लांबूनच हाक मारायचा, "आ गई क्या अम्मा? इस साल तो मिली क्या बडी बहन?"

"नाय बाबा, अजून नाय."

"मिलती अम्मा, मिलती. मोहरम में बिछडे सो ईद में मिलते," असं काहीतरी तो तिच्या समाधानासाठी म्हणायचा आणि एक टिकली फुकट द्यायचा.

शेवटचा मुक्काम कासारी बाजारात, रामकिसन कासाराकडं. तो अजून पितळेचं काम करायचा. त्यानं एका वर्षी धाकटीला हातात घेऊन उन्हात फिरवून बघितलं होतं आणि स्वच्छ सांगितलं होतं, "बाई, नवी घडवून देईन. पण ही जिच्याकडं बघायली ती नाय येणार." तरी ती दरवर्षी त्याच्याकडं जायची, आणि तो दरवर्षी पोत्यातले जुने, कुणी कुणी मोडीत घातलेले मुखवटे तिच्यापुढं मांडायचा. त्यांची उलथापालथ झाली की दिवस संपला.

मधल्या काळात बद्रीनाथानं आपला हिस्सा कसायला दिला आणि तो शहरात आला. मुलगा चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागला, पदमपुऱ्यात घर झालं. हे सगळं सारजाबाईला दुसऱ्यांकडून कळायचं. दोन भाऊ बोलत नव्हते, म्हणून दोन जावाही बोलत नव्हत्या. ही कुठली रीत, कुणी घातली, याची चौकशी मात्र तिनं कधी केली नाही. मग एक दिवस बद्रीनाथ गेल्याचा निरोप आला. दहाव्याला कडूबा गेला, डोकं भादरून घेतलं, हमसून हमसून रडला. सारजाबाईनं द्वारकाबाईला बघितलं, बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसलेली, रिकाम्या कपाळाची. दोघींची नजरानजर झाली. तेवढ्यात कुणी पाणी मागितलं, कुणी आडवं आलं, आणि एसटीची वेळ झाली.

पुढची काही वर्षं तशीच गेली. मग एका भाद्रपदात ती कासारी बाजारात पोचली, तर रामकिसन पोत्याकडं गेलाच नाही. तो आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. तिच्या हातात दिलं. म्हणाला, "बघा हिला लावून."

सारजाबाईनं फडकं सोडलं. तिला धाकटीला शेजारी धरायची गरजच नव्हती, तरी तिनं धरली. धाकटीचे डोळे जिथं वळले होते तिथं बरोबर मोठीचे डोळे होते. तीच सरळ नजर. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, पण सारजाबाईला भान राहिलं नाही. तिनं दोन्ही मुखवटे पोटाशी धरले आणि खालीच बसली. रामकिसन उगाच तराजू पुसत राहिला.

मग तिच्यातली ती चौकस बाई जागी झाली.

"ही तुमच्याकडं कशी आली?"

"एक म्हातारी देऊन गेली, मागच्या महिन्यात. आता त्याचं असं हाय, की..."

पण पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. म्हातारी देऊन गेली! कासाराच्या दुकानात जुनं पितळ देऊन जातात ते कशाला, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? इतकी वर्षं त्या पोत्यात दुसरं काय बघितलं होतं तिनं? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन्ही मुखवटे पिशवीत कोंबून ती तरातरा निघाली. मागून रामकिसन ओरडत राहिला, "अहो बाई, ऐकून तरी जावा!" गुलमंडीवर कडूबानं हाक मारली, तीही तिनं ऐकली नाही. इमरती नुकतीच पानावर पडली होती, म्हणून तो उठावं की बसावं या विचारात राहिला. तोवर ती पैठण गेट ओलांडून गेली होती. गोटेवाल्या मियाँलाही तिनं या वेळी उत्तर दिलं नाही. क्रांती चौकात एका रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि तिच्याकडं बघून शिवी गिळली.

पदमपुऱ्यातलं घर विचारत विचारत सापडलं. दार सुनेनं उघडलं. पुढच्या खोलीत नव्या महालक्ष्म्या उभ्या राहत होत्या, फायबरच्या, गुलाबी गालांच्या, कुरळ्या केसांच्या, नुकत्या पुडक्यातून काढलेल्या. एरवी सारजाबाईनं त्यांच्याभोवती फेरी मारली असती, ठोकून बघितलं असतं. आता तिनं तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. द्वारकाबाई मागच्या खोलीत खाटेवर आघाड्याच्या जुड्या बांधत बसली होती. खूप वाळली होती.

सारजाबाईनं पिशवीतून मोठी काढली आणि खाटेवर ठेवली. इतक्या वर्षांनी जावेशी बोललेलं पहिलं वाक्य हे असं निघालं, "आक्का, लक्ष्मी मोडीत घातली तुम्ही? नको व्हती तर फेकून तरी द्यायची माझ्या दारात!"

द्वारकाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. मोठीकडं बघितलं, मग सारजाकडं.

"मोडीत?" ती म्हणाली. "म्या? रामकिसननं सांगितलं नाय का तुला?"

"काय सांगणार?"

"त्याला म्या म्हणलं व्हतं, भाद्रपदात एक बाई यील. तिच्या पिशवीत धाकटी असंल. तिला ही द्यायची. पैसा घ्यायचा नाय आन माझं नाव सांगायचं नाय."

सारजाबाई हळूच खाटेच्या कडेला टेकली.

द्वारकाबाई सावकाश बोलत होती. सूनबाई चांगली पोर आहे, तिची तक्रार नाही. पण तिला एकटी जुनी मोठी उभी करायला नको वाटायचं, म्हणून ती हौसेनं नवी जोड घेऊन आली. जुनी गेली माळ्यावर, रिकाम्या डब्यांत. "मालक गेल्यापासून तिला नेसवायला मला कुणी म्हणलं नाय. बाया म्हणल्या, आता तुम्ही हात लावायचा नसतो. मी नाय लावला. पण माळ्यावर ती कशी ऱ्हायली असंल? तुला आणून द्यावी म्हणलं, तर कंच्या तोंडानं येऊ वाडीला?"

"पर मी रामकिसनकडं जाते हे तुमाला काय ठावं?"

"दरसाली बघते की तुला."

"कुठं?"

"बाजारात. गोटेवाल्याच्या मागं उभी ऱ्हाते, तू कासारी बाजाराकडं वळंपर्यंत. औंदा तेवढी गेले नाय. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिशी तू येणार हे ठरलेलं. तू बसायलीस, मुखवट्याला मुखवटा लावायलीस, लोक हसायलेत आन तू आपली त्यांना इचारायलीस, ह्याचं नाक कशानं केलं." द्वारकाबाईला हसू आलं आणि ते हसता हसताच मोडलं. "एका सालाला तर तू इतक्या जवळून गेलीस, तुझा पदर लागला माझ्या हाताला."

"मग हाक का नाय मारली, आक्का?"

"तू का नाय आलीस पदमपुऱ्याला?"

शहराचा सगळा बाजार सारजाबाईनं पालथा घातला होता. घोड्याच्या शेपटीपासून अमरावतीच्या नाकांपर्यंत एक गोष्ट विचारायची सोडली नव्हती. आणि बाजारापासून चालत येण्यासारख्या या घरात मोठी माळ्यावर पडून होती, मोठीला नेसवणारी खाटेवर बसून होती, आणि ही शहाणी दुकानादुकानांतून तिच्यासारखी दुसरी शोधत फिरत होती. तिला स्वतःचा राग आला. कडूबाचा आला, मेलेल्या दिराचा आला, आप्पासाहेबांचा आला. पण तेवढ्यात सून चहा घेऊन आली, म्हणून तिनं तो चहाबरोबर गिळला.

"जा घिऊन," द्वारकाबाई म्हणाली. "तुझ्या धाकटीजवळ उभी कर. माझ्या जिवाला बरं वाटंल."

"नेते की. पर नेसवणार कोण?"

"तू."

"मला धाकटीचंच येतं. मोठीच्या निऱ्या कधी बघू दिल्यात का तुम्ही?"

"सारजे, माझं कपाळ बघ. मी हात लावला तर वाडीतल्या बाया काय म्हणतील?"

"इतकी सालं त्यांनी माझ्या घरी तांब्याला हळदी-कुंकू लावलं, काय म्हणल्या? पुरण हाणून गेल्या. आताबी जातील." सारजाबाईचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "आक्का, मला नुसती पितळंची मोठी नको. तिला माळ्यावर ठेवलं, तिला दुकानात ठेवलं, तिचं काय बिघडलं? ती तश्शीच हाय. तुमी वाळलाव. तुमी येत असाल तर ती येईल. नायतर दोघींनाबी हितंच ठेवते आन जाते. ह्यांना सांगते, मिळाली नाय."

द्वारकाबाईनं आघाड्याची एक बांधलेली जुडी सोडली आणि पुन्हा बांधली. सून दारात उभी होती. ती म्हणाली, "जावा की आई. हितलं मी बघते." बोलली आणि डोळे पुसायला आत वळली.

द्वारकाबाईनं मोठीला उचललं. मुखवट्याच्या कपाळावर साचलेली धूळ पदरानं पुसली, अगदी भुवयांच्या खाचेपर्यंत. मग विचारलं, "मोठीला लुगडं कंचं आणलंस?"

सारजाबाईनं नकारार्थी मान हलवली. इतक्या वर्षांत मोठीच्या जागच्या तांब्याला नुसता खणच घालत आली होती.

"म्हणजे घ्यायचं हाय?" द्वारकाबाई खाटेवरून उतरली आणि वहाणा शोधायला लागली. "मग बसलीस काय? बाजार उठंल. आन रंग मी बघणार. तुला कधी कळला नाय."

मोठीला धाकटीशेजारी पिशवीत ठेवून दिवे लागायच्या आत दोघी जावा गुलमंडीवर पोचल्या. गोटेवाल्या मियाँनं तोंडात घातलेलं पान चावायचं थांबवलं. त्या म्हातारीला तो चांगला ओळखत होता, दरवर्षी तिच्यासाठी तो स्टूल ठेवायचा. पण ती कुणाला बघायला येते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. लुगड्याच्या दुकानात द्वारकाबाईनं अर्धा गठ्ठा खाली काढायला लावला आणि शेवटी हिरवं घेतलं, जांभळ्या काठाचं. सारजाबाईनं विचारलं, जांभळाच का, लाल का नाही? द्वारकाबाईनं तिच्याकडं असं बघितलं की दुकानदारच हसला.

मिठाईच्या पायरीवरून कडूबा उठून उभा राहिला. हातात अर्धी इमरती, मिशीला पाक. पंचवीसेक वर्षं तो भावजयीशी बोलला नव्हता. "वयनी," एवढंच म्हणाला आणि पाया पडायला वाकला.

द्वारकाबाईनं त्याला पुरतं वाकू दिलं, मग खांद्याला धरून उठवलं. सारजाच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याच्या हातात दिली.

"नीट धर," ती म्हणाली. "दोघी हायेत."